म्हातारी नाचल्याशिवाय बेंजो बॅगेत जात नाही

परत येताना विमानतळावर काट्यावर बॅगा चढवल्या तेव्हा आमचा जीव मुठीत होता. पण वजन बरोबर भरलं. किस्से काट्यावर ठेवायला सांगितले नाहीत म्हणून सुटलो! आठवडाभर स्पेनच्या सेव्हिल शहरात राहिलो आणि जाताना रिकामी नेलेली जागा सगळी किश्शांनीच भरली. आता गावात कट्ट्यावर रोज एक तरी सांगावाच लागतो.

मी मुळात बोलणारा माणूस नाही. हळदी-लग्नांत वाजवणाऱ्या बेंजो पार्टीत ताशा वाजवतो. ताशा बोलतो, त्यामुळे मला बोलावं लागत नाही. पण आमचा मधूदादा म्हणाला, "तू लिवून काढ. तू नववीपर्यंत गेलास, आमच्यात शिकलेला तूच हायस!"

* * *

आधी पार्टीचं सांगतो. आमचं गाव नवी मुंबईत, ऐरोलीच्या मागे, खाडीच्या कडेला. गावात आम्ही दहा-बारा जण वाजवतो, पण तिकिटं आली चौघांची. बेंजोवर मधूदादा, तो मालक. गाणारी सुरेखामावशी, कोळीवाड्यातली. ढोलावर बाळूमामा, मूळचा साताऱ्याकडचा, दिवसा वाशीच्या एपीएमसी बाजारात आंब्याच्या गाळ्यावर. आणि ताशावर मी.

पार्टीचा एक नियम आहे, दादाच्या वडिलांपासूनचा. हळदीच्या मांडवात घरातली सगळ्यात म्हातारी बाई नाचल्याशिवाय बेंजो बॅगेत जात नाही. मग ती खुर्चीत बसून हात हलवू दे, नाहीतर नातवाचा खांदा धरून दोन पावलं टाकू दे. ती नाचली, की हळद लागली. हा नियम आजवर मोडलेला नाही.

पण आता हळदीला डीजे येतो. मागच्या सीझनला आमच्या तारखा निम्म्या रिकाम्या गेल्या. निघायच्या आधी दादानं वहिनीला घरातला माळा रिकामा करायला लावला. आम्ही विचारलं कशाला, तर म्हणाला,

"तिकडं एक म्हातारी उठली तं पार्टी चालू. नाय उठली तं बेंजो माल्यावर, नि मी भाच्याच्या दुकानात खिले तोलीत बसतो!"

त्याला भाच्याचं दुकान तरी होतं. मला ताशाशिवाय काहीच येत नाही. विमानात मी जेवलो नाही, ते उंचीच्या भीतीनं, असं सगळ्यांना वाटलं.

* * *

आम्हाला बोलावणारी मृण्मयी. तिकडे कंपनीत नोकरी करते आणि शहरातल्या संगीत महोत्सवात मदत करते. वाढलेली मात्र ऐरोलीच्या सोसायटीत, आमच्या गावाला खेटून.

पहिल्याच दिवशी कॉफी पिताना ती खाली मान घालून म्हणाली, "दादा, एक सांगायचंय. माझ्या बारावीच्या वेळी तुमच्या गावात हळद होती. आवाज बंद करा म्हणून पोलिसांना फोन केला होता, तो मी."

दादानं कप खाली ठेवला. "तू व्हय ती?"

"सॉरी दादा. इकडे आल्यावर त्याच आवाजाची एवढी आठवण यायला लागली ना..."

"अगं, सॉरी कशाला? तो हवालदार आला, नि दोन गानी फर्माईश करून जास्तीची वाजवून घेऊन गेला!"

* * *

सेव्हिलमध्ये रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्यांची झाडं आहेत. फेब्रुवारीत ती लगडलेली असतात. फुटपाथवर फळं पडतात आणि कोणी वाकून उचलत नाही! फळबाजारातल्या बाळूमामाचा तर पाय निघेना.

"आरं, एवढा माल उघड्यावर, ना वॉचमन, ना कुंपण! आपल्याकडं एका सकाळीत झाड साफ झालं असतं. ही मानसं न्हाईत लेका, देवमानसं हायती!"

असं म्हणून त्यानं एक तोडलं, सोललं आणि अख्खी फोड तोंडात टाकली. मग बराच वेळ तो एका खांबाला धरून उभा होता. डोळ्यांतून पाणी, कानापर्यंत लाल.

मावशीनं विचारलं, "काय झालं रं?"

"देवमानसं न्हाईत. अनुभवी हायती."

* * *

आमची राहायची सोय पेपाआजीच्या घरी होती. ती ऐंशीच्या पुढची, काळा पोशाख, हातात काठी. खाली ती, वर आम्ही. पहिल्या सकाळी सराव सुरू केला आणि पायाखालून आवाज आला. आजी काठीनं छत ठोकत होती. ठक, ठक-ठक!

आम्ही गपकन थांबलो. तर काठी आणखी जोरात. ठक! ठक-ठक!

"थांबलो की बाई!" मावशी जमिनीकडे बघून ओरडली.

दुसऱ्या दिवशी मी ताशाखाली टॉवेल घातला. तिसऱ्या दिवशी टॉवेलवर दादाचं स्वेटर. काठी काही थांबेना. जिन्यात भेटली की आजी आमच्याकडे अशी बघायची, की बाळूमामा भिंतीला चिकटून वर जायचा.

* * *

पहिला कार्यक्रम झाला मोठ्या सभागृहात. लाकडी खुर्च्या, वर झुंबरं. आम्ही जीव तोडून वाजवलं. लोक हात मांडीवर ठेवून ऐकत राहिले, एक मान हलली नाही. संपल्यावर मात्र सगळे उभे राहिले आणि टाळ्या काही थांबेनात. मृण्मयीला रडूच आलं, "दादा, स्टँडिंग ओव्हेशन!"

दादाचा चेहरा पडलेला. "टाल्या तं भाषनाला पन वाजतात."

त्याला खुश करायला मृण्मयीनं जेवायला नेलं. तिकडे मोठं ताट येत नाही. छोट्या छोट्या बशा येतात. एकीत ऑलिव्ह, एकीत तळलेली बारीक मासळी, थेट मांदेलीसारखी, एकीत बटाट्याचं ऑम्लेट. एक संपली की दुसरी. आम्ही तासभर वाट बघत होतो, की आता जेवण येईल.

शेवटी बाळूमामानं विचारलं, "ताई, जेवान कवा?"

"मामा, हेच जेवण!"

मामानं सगळ्या रिकाम्या बशांवर नजर फिरवली. "म्हंजी हा अख्खा देश चकण्यावर जगतोय?"

त्या दिवसात पहिल्यांदा दादा हसला. मग आम्ही आणखी बशा मागवल्या. खोटं कशाला बोलू, मासळी फार सुंदर होती. मावशीनं तर काटेसुद्धा ठेवले नाहीत.

* * *

एक दुपार चित्रांच्या म्युझियमसाठी होती. जुन्या मठाची इमारत, आत एवढी मोठी चित्रं, की मान दुखते. पहिल्याच दालनात सगळी देवाची. मेरीमाता, मांडीवर बाळ, वर ढगातून देवदूत उतरतायत.

आम्ही चौघांनी दारात आपोआप चपला-बूट काढले. देवासमोर पायताण घालून कसं जाणार? कोणी सांगितलंही नाही. मी तर एका चित्रासमोर खूप वेळ उभा होतो. त्यातल्या आईच्या हाताची बोटं इतकी खरी होती, की ती बाळाला आता थोपटेल असं वाटायचं. मला कोणी 'चल' म्हणालं नाही, याचा आनंद वाटला.

बाहेर आलो तर दारात चपलांची ही मोठी रांग! आमचे बूट बघून मागून आलेल्या टुरिस्टांना वाटलं, इथं काढायचेच असतात. गोरे, जपानी, एक शाळेची सहलसुद्धा. सगळे मोज्यांवर, हळूहळू चालत, चित्रं बघतायत. आणि मध्ये म्युझियमचा रखवालदार दोन्ही हात डोक्याला लावून उभा!

मावशी त्याच्याजवळ गेली, आपले बूट दाखवले आणि म्हणाली, "आमी टोकन नाय घेतलं हां."

* * *

खरेदीचा मान बाळूमामाचा. एपीएमसीत आंब्याचा सौदा तोंडानं होत नाही. दोघं हातात हात देतात, वरून रुमाल टाकतात आणि बोटं दाबून भाव ठरवतात. शेजारच्याला पत्ता लागत नाही. मामाला दुसरी पद्धत माहीतच नाही.

हातगाडीवर पंखे विकणारा पाको नावाचा एक दाढीवाला होता. रंगीत घडीचे पंखे, त्यांवर हातानं काढलेली फुलं. मावशीला गावातल्या बायकांसाठी घ्यायचे होते. मामा पुढे झाला, पाकोचा हात हातात घेतला, वरून खिशातला रुमाल टाकला आणि त्याच्या डोळ्यांत बघत बोटं दाबायला लागला.

पाको आधी पांढरा पडला. मग लाल. बाजूच्या दुकानातली बाई हातातलं काम टाकून बघायला आली. मृण्मयीनं धावत येऊन समजावलं तेव्हा पाको असा हसला, की पंखे खाली पडले. मग त्यानं स्वतः रुमाल नीट केला आणि उलट मामाची बोटं दाबली! दोघं किती वेळ रुमालाखाली होते कोण जाणे. बोलणं शून्य, नुसत्या भुवया वर-खाली.

शेवटी मामा विजयी चेहऱ्यानं परत आला. "जमलं!"

"कितीला?" मावशीनं विचारलं.

"ते रुमालाखालचं बाहेर सांगायचं नसतंय."

त्या दिवसापासून पाको आमचा. रोज सकाळी मामाला लांबूनच रुमाल हलवून दाखवायचा.

* * *

मग एका संध्याकाळी आम्ही फ्लामेंको बघितलं. छोटी खोली, एक गिटार, टाळ्या वाजवणारे दोघे आणि मधोमध नाचणारी बाई. ती टाचा अशा आपटत होती, की माझ्या छातीत ताशा वाजायला लागला. टाळ्यांचा तो हिशोब मला आधी सापडेना. सापडला तेव्हा मी एकटाच हसत बसलो.

संपल्यावर मावशी सरळ त्या बाईकडे गेली. घामानं भिजलेल्या तिच्या गालांवरून हात फिरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर बोटं कडाकडा मोडली. दृष्ट काढली!

बाई थबकली. तिनं गिटारवाल्याला हाक मारली आणि मावशीला खुणेनं म्हणाली, पुन्हा. मावशीनं पुन्हा काढली. कडाकडा! गिटारवाला डोळे मिटून ऐकत होता.

मृण्मयीनं अर्थ सांगितला तेव्हा ती बाई मावशीच्या गळ्यातच पडली. मग गिटारवाला गाल पुढे करून उभा राहिला. त्याच्यामागे टाळ्या वाजवणारे दोघे. मग वेटर. मग स्वयंपाकघरातून आचारी.

परतताना मावशी हात चोळत होती. "लेकीच्या लग्नात पन एवढी नाय मोडली रं!"

* * *

शेवटचा कार्यक्रम चौकात होता. त्याच्या आधी एका बागेत झाला, तिथे पोरं नाचली, कॉलेजवाले नाचले, पण नियम पोरांचा नाही. आता ही एकच संध्याकाळ उरली होती.

पुन्हा स्टेज. पुन्हा खुर्च्या. पुढच्या रांगेत म्हाताऱ्या बायका शाली पांघरून बसलेल्या, देवळातल्या मूर्तींसारख्या स्तब्ध. दोन गाणी झाली. दादानं बेंजोवरचा हात काढला. मला वाटलं, संपलं.

"आपन चुकतोय कुठं म्हाईत हाय का?" दादा म्हणाला. "आपन उभं राहून वाजवनारी मानसं नाय. आपली पार्टी चालती. उतरा खाली!"

पण स्पीकर कशावर ठेवणार? बाळूमामानं गर्दीत रुमाल हलवला. पाको पंख्यांची हातगाडी रिकामी करून धावत आला. गाडीवर बॅटरी, स्पीकर, मागे आम्ही. दादानं बेंजो गळ्यात अडकवला. मावशीनं हळदीचं गाणं उचललं आणि आम्ही गल्लीत शिरलो.

लोक खुर्च्या सोडून मागे आले! बाल्कन्या उघडल्या. मृण्मयी पुढे, ऐरोलीत जे ऐकून दारं लावली होती त्यावर हात वर करून नाचत. कोणी शिट्ट्या, कोणी टाळ्या, तो फ्लामेंकोचा गिटारवालासुद्धा. वळत वळत मिरवणूक कुठे आली, तर पेपाआजीच्या दारात!

आजी दाराबाहेर खुर्ची टाकून बसलेली. हातात काठी. तिनं आमच्याकडे ती नेहमीची नजर टाकली. बाळूमामाचा ढोल तिथेच गप्प झाला. दादानं हात वर केला. सगळी मिरवणूक थांबली.

आजीनं काठी उचलली आणि दगडी फरशीवर आपटली.

ठक, ठक-ठक.

आठवडाभर तो आवाज मी जमिनीतून, टॉवेलमधून आणि दादाच्या स्वेटरमधून ऐकला होता. उघड्यावर पहिल्यांदाच ऐकला. हा राग नव्हता. हा आमचा हळदीचा ठेका होता! आम्ही वाजवत होतो तेव्हा ती साथ देत होती. आणि आम्ही थांबलो की चिडत होती.

ठक! ठक-ठक! आजीनं पुन्हा आपटली, थेट माझ्याकडे बघत.

पार्टीत ठेका कधी मी उचलत नाही. दादा इशारा करतो, मग मी. पण त्या क्षणी मी कोणाकडे बघितलं नाही. मी ताशावर उत्तर दिलं.

आजी उठली. काठी बाळूमामाच्या हातात दिली. दोन्ही हात डोक्याच्या वर नेले, मनगटं फिरवली, मान ताठ केली आणि टाच आपटली. दादाचा बेंजो असा वाजला, की मी जन्मात ऐकला नव्हता. मावशी गाता गाता रडत होती. पुढच्या रांगेतल्या त्या शालवाल्या बायका एकेक करून मध्ये आल्या. मामा काठी छातीशी धरून, मूर्ती सांभाळावी तसा उभा!

गाणं संपलं. आजी धापा टाकत खुर्चीत बसली. गल्लीभर टाळ्या. दादानं उपरण्यानं बेंजो पुसला, कपाळाला लावला, बॅगेत ठेवला आणि चेन ओढली. म्हातारी नाचली होती.

आजीनं मामाकडून काठी परत घेतली.

ठक, ठक-ठक.

दादानं माझ्याकडे बघितलं. मी आजीकडे बघितलं. दादानं चेन उघडली.