फेलिक्स विरुद्ध अंकुश

दुबईत जबल अलीच्या आमच्या वेअरहाउसात सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी पुन्हा वाळूचा थर बसतो. किस्स्यांचंही तसंच आहे. मुद्दाम कुणी गोळा करत नाही. पण मी एचआरला, त्यामुळे जॉइनिंगपासून मेडिकलपर्यंत सगळे माझ्याच टेबलावरून जातात आणि जाताना थोडं थोडं सांडून जातात. सगळ्यात जास्त सांडलंय ते आमच्या दोन हेवीवेटांनी.

पहिला फेलिक्स घोन्साल्विस. वसईचा, सहा फूट दोन इंच, आमचा सेफ्टी ऑफिसर. एकेकाळी रेल्वेकडून बॉक्सिंग खेळायचा. नवीन माणूस आला की त्याला हेल्मेट कसं घालायचं हे दहा मिनिटं सांगायचा आणि आपण हरलेली देशपातळीवरची फायनल वीस मिनिटं!

"तीन राउंड. समोर फौजेतला एक जाधव. दोन पॉइंटनं हरलो. एक पॉइंट जजनं खाल्ला, दुसरा माझ्या पायांनी!"

चार वर्षांपूर्वी आमच्याकडे नवा सिक्युरिटी सुपरवायझर आला. आर्मीतून रिटायर्ड हवालदार, गाव साताऱ्याजवळ, नाव अंकुश जाधव. आता जाधव काय, ढिगानं असतात, माझ्या डोक्यातही आलं नाही. मी त्याचा फॉर्म भरत होते, तेवढ्यात फेलिक्स हेल्मेटं घेऊन आला आणि दारातच थबकला. अंकुश खुर्चीतून उठला. पंचवीस वर्षांनी भेटलेली माणसं हात पुढे करतात. या दोघांनी आधी रिंगमधल्यासारखी हनुवटी छातीकडे ओढली!

मग फेलिक्स म्हणाला, "केस गेले तुझे."

"तुझं पोट आलं."

"हेल्मेटचा साइज सांग."

त्या दिवशी सेफ्टी इंडक्शन तीन तास चाललं. हेल्मेटचा विषय पुन्हा निघालाच नाही.

* * *

एक गोष्ट दोघांनाही मान्य आहे. दुसऱ्या राउंडला फेलिक्सनं अंकुशला खाली पाडलं होतं. भांडण आहे ते पुढचं.

फेलिक्स सांगतो, तेव्हा अंकुश आडवा पडलेला असतो आणि रेफ्री आठपर्यंत मोजतो. अंकुश सांगतो, तेव्हा त्याचा नुसता गुडघा टेकलेला असतो आणि रेफ्री तीनवरच थांबतो. कॅन्टीनमध्ये हे महिनाभर रोज चाललं. एकदा तर फेलिक्स स्वतःच जमिनीवर झोपून दाखवायला लागला!

आमचा स्टोअरकीपर बशीर केरळचा. शांतपणे जेवणारा माणूस. त्यानं शेवटी डबा बंद केला आणि म्हणाला, "साब, अ‍ॅव्हरेज निकालो. साढ़े पाँच. खलास!"

तेव्हापासून ऑफिसात अधिकृत आकडा साडेपाच आहे.

* * *

रविवारी सकाळी हे दोघं अल क्वोजला एका ओळखीच्या गॅरेजमागच्या शेडमध्ये बॉक्सिंग शिकवतात. शिकायला आजूबाजूच्या लेबर अकोमोडेशनमधली मुलं येतात. रत्नागिरीची, साताऱ्याची, थोडे नेपाळी.

त्यात लांज्याचा एक दत्ताराम. साइटवर सळ्या बांधायचं काम. तो पहिल्याच दिवशी म्हणाला, "सर, आमचा फोरमन लय बोलतो. एकच पंच शिकवा."

फेलिक्स म्हणाला, "पहिला महिना पंच नाही. नुसतं डोकं हलवून मार चुकवायचा."

दत्तारामनं महिनाभर इमानदारीत डोकं हलवलं. मग एका रविवारी मिठाईचा बॉक्सच घेऊन आला!

"सर, फोरमन अर्धा तास ओरडत होता. मी आपला सवयीनं डोकं हलवत राहिलो. त्याला वाटलं, याला सगळं पटतंय. आता गँगचा लीडर केलंय मला!"

* * *

जेवायला बसलं की फेलिक्स आधी अंकुशची पाण्याची बाटली उघडतो, मग स्वतःची. रोज. मला वाटायचं ही वसईची रीत असेल. एकदा विचारलंच.

फेलिक्सनं अंकुशचा उजवा हात उचलून माझ्यासमोर धरला. मधली दोन बोटं वाकडी, मूठ पुरती मिटतच नाही. फायनलच्या तिसऱ्या राउंडला हाड मोडलं होतं. तसाच खेळला आणि जिंकला. पण हाड वाकडं जुळलं. देशाच्या टीमसाठी कॅम्पचं पत्र आलं, तेव्हा हात प्लास्टरमध्ये होता. जिंकलेल्याची ती शेवटची मॅच ठरली. हरलेला फेलिक्स पुढे सहा वर्षं खेळला, पण फायनल पुन्हा कधी गाठली नाही.

 

"हाड कुठे मोडलं विचारा ना, मॅडम," फेलिक्स म्हणाला आणि स्वतःच्या कपाळावर टिचकी मारली. "इथे! म्हणून मेन्टेनन्स माझ्याकडे."

* * *

फेलिक्सची मुलगी शेरॉन सातवीत आहे. शाळेत खेळाडूला बोलवायचा दिवस होता. मुलांनी आपल्या ओळखीतला एक खरा खेळाडू आणायचा. फेलिक्सनं आदल्या दिवशी ब्लेझर ड्रायक्लीन करून आणला, आरशासमोर भाषण म्हणून झालं. बापानं मराठीत विचारलं, "शेरॉन, किती वाजता पोचायचं?"

पोरगी म्हणाली, "डॅड, आय इन्व्हायटेड अंकुश अंकल."

"अगं, पण मी?"

"ही वन, डॅड. यू लॉस्ट."

आमचा फेलिक्स तोच ब्लेझर अंकुशच्या अंगावर चढवून त्याला शाळेत सोडायला गेला. बाह्या तेवढ्या लांब झाल्या. गेटवर पोचल्यावर अंकुशच्या लक्षात आलं, गोल्ड मेडल रूमवरच ट्रंकेत राहिलं! फेलिक्स एकटा परत गेला आणि ते घेऊन आला.

"इतक्या वर्षांत पहिल्यांदा हातात घेतलं मॅडम," तो दुसऱ्या दिवशी मला म्हणाला. "बाजूच्या सीटवर ठेवलं. सीटबेल्ट लावला."

"मेडलला?"

"सेफ्टी ऑफिसर आहे मी!"

* * *

हा शेवटचा किस्सा गेल्या उन्हाळ्यातला. अंकुश आता ठणठणीत आहे, ते आधीच सांगते, म्हणजे तुम्ही घाबरणार नाही.

फायर ड्रिल होतं. सगळे बाहेर पार्किंगमध्ये उभे, अंकुश डोकी मोजतोय. चाळीसच्या पुढे तो चुकला. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा चुकला. मग फुटपाथच्या कडेला खाली बसला. म्हणाला, "अ‍ॅसिडिटी आहे." शर्ट घामानं चिंब, चेहरा राखेसारखा.

फेलिक्सनं काही विचारलं नाही. त्याला काखेत धरून उठवलं आणि ओरडला, "यल्ला, गाडी काढा!" बशीरनं गाडी काढली. मी इन्शुरन्स कार्ड आणि पासपोर्टची कॉपी घेऊन पुढे बसले. मागे अंकुश पुटपुटत होता, "ताई, घरी फोन नका करू. ती एकटीच असते तिकडं. घाबरंल."

"तू बोलू नको," फेलिक्स म्हणाला. "श्वास घे. नाकानं."

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची मोठी नळी बंद आहे, आत्ताच्या आत्ता स्टेंट घालावा लागेल. अंकुशनं त्या वाकड्या हातानं सही केली आणि स्ट्रेचर आत गेलं. दरवाजा बंद झाल्यावरही फेलिक्स त्याच्यासमोर तसाच उभा. सेफ्टीचं पिवळं जॅकेटसुद्धा काढलं नव्हतं.

एक मल्याळी सिस्टर फॉर्म घेऊन आली. पेशंटसोबत कोण आहे, ते लिहायचं होतं. फेलिक्सनं नाव सांगितलं, मोबाइल नंबर सांगितला.

"रिलेशन?" सिस्टरनं विचारलं.

फेलिक्सनं त्या बंद दरवाजाकडे बघितलं.

"ऑपोनंट," तो म्हणाला.

"सॉरी सर? ब्रदर? फ्रेंड? कलीग?"

"नो सिस्टर. ऑपोनंट."

पेन हातात धरून सिस्टर माझ्याकडे बघायला लागली.

मी म्हटलं, "करेक्ट है, सिस्टर. लिखिए. डबल पी."