स्कॅनरला न दिसलेली लिंबू-मिरची

मंडळी, आज हडपसरच्या आमच्या वर्कशॉपमध्ये एक स्पोर्ट्स कार तिसऱ्यांदा परत आली. तक्रार तीच, इंजिन मध्येच अडखळतं. आधी दोन्ही वेळा मी स्कॅनर लावला, काही निघालं नाही, म्हणून जॉबकार्डवर "दोष नाही" लिहून गाडी परत दिली होती. आजही दोष सापडला नसता, तर मॅनेजर मला दुरुस्तीवरून काढून पुन्हा काउंटरवर बसवणार होते.

गाडीचे मालक, साठीचे काका, म्हणाले, "मॅडम, तुमच्या कॉम्प्युटरसमोर ही अगदी शहाण्यासारखी वागते. रुसते ती फक्त माझ्यावर."

मग आज त्यांनाच चालवायला सांगितलं आणि मी शेजारी बसले. गाडी अडखळली ती प्रत्येक वेळी स्पीडब्रेकरवरच! परत येऊन बॉनेट उघडलं. आत वायरिंगला बारीक तारेने लिंबू-मिरची बांधलेली होती. तारेने सेन्सरच्या वायरचं आवरण कापलं होतं, धक्का बसला की तार आत टेकून शॉर्ट व्हायचं.

"अहो, बाहेर बांधली की स्पीडब्रेकरला घासून तुटते. गाडी केवढी बुटकी!" काका ओशाळले.

मला हसवेना. माझे बाबा मार्केट यार्डात टेम्पो चालवतात, तेही दर शनिवारी बांधतात. त्यांच्या घरातली पहिली इंजिनिअर मी, आणि गाडी चालवणाऱ्याच्या शेजारी बसायचं मला तिसऱ्या खेपेला सुचलं.

वायर दुरुस्त केली. मग जुनी दोन्ही जॉबकार्डं काढली, "दोष नाही" खोडलं आणि लिहिलं, "मला सापडला नाही." खाली सही केली.

तुम्हाला कधी असं काही खोडावं लागलंय का?