तरसाचं डोकं घेऊन ओतूर ते बदलापूर

हे गेले त्या वर्षी मी एकटीने एकच प्रवास केला, तोही त्यांचं डोकं पोहोचवायला.

डोकं म्हणजे तरसाचं. वेताच्या टोपलीवर स्पंज, त्यावर करडं फर, मानेवर काळी आयाळ, आणि नायलॉनचे दात. हे अंबरनाथला एका कारखान्यात फिटर होते. राहायचे मोरिवलीत, एका खोलीत, आणि महिन्यातून एकदा ओतूरला घरी यायचे. उरलेल्या रविवारी त्यांचं एक मंडळ असायचं. त्या मंडळातले लोक प्राणी व्हायचे. हे त्यांनी माझ्यापासून कधी लपवलं नाही. "तरसच का?" असं मी एकदा विचारलं होतं. "कोणी घेत नव्हतं," म्हणाले. मला ते पटलं होतं.

गोष्ट नव्वदीच्या दशकाच्या मध्यातली आहे. आता माझी मुलगी नंदा मला कॉम्प्युटरवर दाखवते की परदेशात अशा लोकांची मोठी संमेलनं भरतात, त्यांना फरी म्हणतात, त्यांची चित्रं असतात, पोशाख असतात. आमच्या लोकांना हे नाव माहीत नव्हतं. ते स्वतःला मंडळ म्हणायचे. हा ब्लॉग वाचून कोणाला तिकडे जावंसं वाटलं, तर रस्ता मी नीट सांगते. मंडळ आता सापडेल असं मात्र नाही.

ह्यांच्यामागे ते डोकं ट्रंकेतून घरी आलं आणि कपाटावर बसलं. माझे दीर म्हणाले, "वहिनी, नदीत सोडा. घरात मेलेल्या माणसाचं तोंड बरं नाही." तोंड ह्यांचं नव्हतं, तरसाचं होतं, पण वाद घातला नाही. मला वाटायचं, वस्तू वापरातली आहे तर वापरात राहावी. मंडळात कोणीतरी घालील. जानेवारीत त्यांचा मेळा असतो हे माहीत होतं. उन्हाळ्यात एकदा ठेवला होता, तेव्हा अस्वल चक्कर येऊन पडलं. मी मंडळाला कळवलं, येते, डोकं घेऊन येते, तिथेच ठेवून जाईन.

ओतूरहून कल्याणची सकाळची गाडी धरावी. दुपारची माळशेज घाटात ट्रकांच्या मागे अडकते. दीर स्टँडपर्यंत सोडायला आले आणि पिशवी घेऊन भराभर पुढे गेले. माझा डावा पाय आखूड आहे, लहानपणी पडल्यापासून. लग्न ठरताना तसं सांगितलं होतं. हे असते तर मला पुढे घालून मागून आले असते. ही त्यांची नेहमीची पद्धत. माझ्या बेताने चालायचं म्हणून, असं मी धरून चालले होते.

कंडक्टरने पिशवीवर बोट ठेवलं. "मावशी, काय आहे यात?"

"तरस."

त्याने हात मागे घेतला. "जिवंत?"

"नाही. नुसतं डोकं."

"मग लगेज," म्हणाला, आणि अर्धं तिकीट फाडलं. मागून एक बाई म्हणाल्या, "डोक्याचं अर्धं, बरोबरच आहे." घाटात थंडी होती. सगळ्या खिडक्या बंद होत्या, त्यामुळे दऱ्यांचं वर्णन मी करू शकत नाही. मुरबाडला गाडी थांबते. तिथला वडा गरम असतो आणि चहा गोड. त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नये.

कल्याणला बळीराम न्यायला आला होता. ह्यांच्याच कारखान्यातला, मोरिवलीचा मूळचा, मंडळातला रानडुक्कर. मी गाडीतून उतरून त्याच्याकडे चालत गेले. तो बघत राहिला. मग एकदम दुसरीकडे, रसवंतीच्या पाटीकडे बघायला लागला.

"काय झालं, बळीरामभाऊ?"

"काय नाय, वैनी. द्या पिशवी. यांना मी धरतो." तो डोक्याला यांना म्हणत होता.

कल्याणहून उल्हासनगर कॅम्प दोनला शेअर रिक्षा मिळतात. रिक्षावाला चौथं माणूस भरल्याशिवाय निघत नाही. आमच्यात तिसरं डोकं होतं, ते त्याने मोजलं नाही. कॅम्प दोनच्या बाजारात पँट, बॅगा, बिस्किटं, फर्निचर, सगळं एकाच गल्लीत होतं आणि सगळं तिथेच बनत होतं. एका जिन्याखाली लछूभाईंचं शिलाईचं दुकान. ते मऊ खेळण्यांचे ससे शिवत. उरलेल्या फरमधून मंडळाचे कपडे निघत. स्वतः ते उंट. ओळख झाल्यावर त्यांनी मला अदी म्हटलं, म्हणजे मोठी बहीण. ते माझ्याहून बरेच मोठे होते.

"अदी, बसा, बसा. नाश्ता केला? दाल पकवान मागवतो. नको असं सिंध्याच्या दुकानात चालत नाही."

पकवान म्हणजे कडक पुरी, तिच्यावर घट्ट चणाडाळ. पोट भरतं, जेवायची गरज राहत नाही. खाऊन झाल्यावर ते म्हणाले, "जरा तिकडे नळावर हात धुऊन या ना." मी गेले आणि आले. लछूभाई चष्म्यावरून बघत होते, जसं शिंपी माणसाकडे बघतो तसं. मग बळीरामकडे वळून हिंदीत म्हणाले, "वही है, यार." बळीराम म्हणाला, "गप रे."

मला ते आवडलं नाही. पायाकडे बघणारे लोक मी पुष्कळ पाहिलेत, पण पकवान खाऊ घालून बघणारा पहिलाच.

मी पिशवी काउंटरवर ठेवली. "हे कोणाला तरी द्या. चांगलं आहे अजून. फर झटकून घेतलंय मी."

लछूभाईंनी डोकं हातात घेतलं, आतला स्पंज दाबून पाहिला, आयाळ नीट केली आणि परत माझ्याकडे सरकवलं. "अदी, दुसऱ्याचं डोकं कोणी घालत नाही. असा आमचा कायदा आहे."

"मग माणूस गेल्यावर काय करता?"

"आतापर्यंत कोणी गेलंच नव्हतं," बळीराम म्हणाला.

मुक्काम बळीरामच्या घरी, मोरिवलीत. एका बाजूला भाताची खाचरं, दुसऱ्या बाजूला कारखान्याची भिंत. त्याच्या बायकोने तांदळाची भाकरी आणि सुकट केली. सुकट झकास होती. बळीरामने मंडळाची कथा सांगितली. कारखान्याच्या गणपतीत मुलांसाठी जंगलाचं नाटक बसवलं होतं. नाटक झालं, गणपती गेले, पण लोक कपडे परत करेनात. पहिल्या वर्षी सगळेच वाघ होते. "वाघाला बघून वाघ काय करनार? हात मिळवायचा." म्हणून ठरलं, वाघ घ्यायचा नाही, आणि दुसऱ्याने घेतलेला प्राणी घ्यायचा नाही. डोकं घातलं की बोलायचं नाही. ज्याने त्याने आपल्या प्राण्याची चाल स्वतः शोधायची.

"ह्यांनी कुठून शोधली?" मी विचारलं. "तरस कधी बघितलं होतं त्यांनी?"

बळीरामने भाकरी मोडली. "जेवा, वैनी."

तरसाबद्दल ओतूरच्या वाचनालयात होतं तेवढं मी वाचलं होतं. शाळा सातवीत सुटली, त्यानंतरचं सगळं त्या वाचनालयातलं. पुढचे पाय लांब, मागचे आखूड, पाठ उतरती, म्हणून चाल तिरकी. एवढं वाचूनही माझ्या डोक्यात काही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेळ होता म्हणून अंबरनाथचं शिवमंदिर पाहिलं. जरूर पाहावं. भिंतीवर हत्तींची रांग कोरलेली आहे. कोरणाऱ्याने एकही हत्ती दुसऱ्यासारखा केलेला नाही. गाभारा खाली आहे, पायऱ्या उतराव्या लागतात. पायाचा त्रास असणाऱ्यांनी वरून नमस्कार केला तरी पोहोचतो, असं मी धरते.

बदलापूरला टेम्पोने गेलो. मागे उंट, रानडुक्कर, एक घोरपड आणि मी. डोकी मांडीवर होती. बदलापुरात तेव्हा जिकडे तिकडे नव्या बिल्डिंगा उठत होत्या, आणि सगळ्यांची नावं फुलांची. मेळा अशाच एका बिल्डिंगच्या खालच्या पार्किंगमध्ये होता, कारण तिथे कोणाकडे गाडीच नव्हती. तिथे राहणाऱ्या कर्वेबाई मंडळाच्या चित्रकार. ऑफिसरची बायको, आणि प्राणी टिटवी. दरवर्षी त्या प्रत्येकाचं चित्र काढून दोरीवर वाळत घातल्यासारखी चित्रं लावत. ह्यांचंही होतं. शर्टाच्या खिशाला पेन, पायात कारखान्याचे बूट, वर तरस. पेन सुद्धा बरोबर होतं. मी त्या चित्रासमोर जरा वेळ उभी राहिले आणि मग खुर्ची शोधली.

माणसं आली, गॅलऱ्या भरल्या. वरून एक आजोबा ओरडले, "कर्वेबाई, यंदा माकड दोन आहेत का?"

"एक वानर आहे, आप्पा!"

"फरक काय?"

"वानराला विचारा!" पण वानराने डोकं घातलेलं होतं, त्यामुळे त्याला बोलता येईना. त्याने आप्पांना नुसती शेपटी दाखवली.

मग फेरी सुरू झाली. एकेक प्राणी खांबांच्या मधून आपल्या चालीने चालायचा. उंट चांगला होता. रानडुक्कर उगाच पळालं. ह्यांच्या पाळीला जागा मोकळी सोडली होती. एका खुर्चीवर तरसाचं डोकं ठेवलं, समोर चहाचा कप. सगळे गप्प उभे राहिले. इतक्यात त्या सोसायटीची मुलं, ज्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं, ती मोकळ्या जागेत घुसली आणि ओरडली, "तरस! तरस!" आणि तरसाची चाल चालायला लागली.

उजवा खांदा वर. डावा पाय जरा बाहेरून फिरवून खाली. कंबर एकदा खाली, मान सरळ. एक हात मांडीजवळ, साडीचा घोळ धरल्यासारखा. मुलांनी चड्ड्या आणि फ्रॉक घातले होते. धरायला घोळ नव्हता, तरी हात तिथेच.

ती चाल मी दुकानांच्या काचांत पाहिलेली आहे. ती माझी आहे.

मी बळीरामकडे पाहिलं. त्याने रानडुकराचं डोकं काढलं. घामाने केस चिकटले होते.

"स्टँडवरच कळलं, वैनी. तुमी उतरलात आन् चाललात, मला वाटलं हेच आले. सांगू कसं?"

"लोक हसायचे?"

त्याने बाहीने केस पुसले. कर्वेबाई जवळ आल्या. "पहिल्यांदा हसले," त्या म्हणाल्या. "खोटं कशाला सांगू."

"आणि हे?"

"चालत राहिले. मग एकदा आमच्यातल्या कोल्ह्याने गंमत म्हणून तशी चाल केली. पाय फरफटवत. तेव्हा त्यांनी डोकं काढलं. आमच्याकडे फेरीत डोकं कोणी काढत नाही. त्यांनी काढलं आणि म्हणाले, 'पाय ओढायचा नाही. टाकायचा.' बस, एवढंच. पुन्हा डोकं घातलं. त्यानंतर कोणी हसलं नाही. आम्हाला वाटलं, तरसाबद्दलच सांगतायत."

खरं आहे ते. मी पाय ओढत नाही. ओढते असं सगळ्यांना वाटतं, माझ्या आईलाही वाटायचं. मी तो उचलते आणि टाकते. हे मी कधी कोणाला समजावलं नव्हतं, ह्यांनाही नाही.

लछूभाई उंटाचं डोकं काखेत धरून म्हणाले, "अदी, कायदा आहे, दुसऱ्याचं डोकं घालायचं नाही. पण हे दुसऱ्याचं कुठे आहे?"

मी म्हटलं, "मला साडी आहे."

"तरसालाही होती," कर्वेबाई म्हणाल्या.

मी उठले. लछूभाईंनी डोकं माझ्या डोक्यावर ठेवलं आणि मागचा पट्टा आवळला. आत ह्यांच्या खोबरेल तेलाचा वास होता, थोडा ग्रीसचा. त्या वासासाठी माझी तयारी नव्हती. एक बरं, आत काय चाललंय ते बाहेर दिसत नाही. डोळ्यांतून काहीच दिसत नाही, डोळे शोभेचे. बघायचं ते तोंडातून, दातांच्या मधून. आणि तिथून दिसते फक्त दोन हात पुढची फरशी आणि आपलेच पाय.

मी चालले. डावा पाय येताना दिसायचा, टेकताना दिसायचा. अर्धी फेरी झाल्यावर दोन छोट्या चपला माझ्या पायांशेजारी आल्या. फ्रॉकवाली एक मुलगी होती.

"काकू, तुमचं चुकतंय," ती म्हणाली. "असा नाही, असा टाकायचा. बघा."

आणि तिने टाकून दाखवला. डोकं घातलेल्याने बोलायचं नसतं, म्हणून मी काही बोलले नाही. तिच्यासारखा टाकून पाहिला. "हां, आता आलं," ती म्हणाली, आणि खांबापर्यंत माझ्याबरोबर आली.

जेवण पुरी-भाजी आणि शिरा. सगळी डोकी एका सतरंजीवर ओळीने ठेवली होती, माझंही. निघताना मी पिशवी उघडली आणि ते आत ठेवलं. बळीरामने विचारलं, "ठेवून जानार होतात ना?"

"होते," मी म्हटलं.

परतीची गाडी कल्याणहून दुपारची मिळाली. ती घाटात ट्रकांच्या मागे अडकते, हे वर सांगितलंच आहे. लगेजचं अर्धं तिकीट परत काढावं लागतं. सूट नाही.

ओतूरला दीर स्टँडवर आले होते. पिशवी हातात घेऊन वजन पाहिलं. "हे परत आणलंत?"

"हो."

"कोणी घेतलं नाही?"

"माझंच निघालं," मी म्हटलं. त्यांना ते कळलं नाही, आणि मला समजावायचं नव्हतं. ते पिशवी घेऊन भराभर पुढे निघून गेले.

ते डोकं अजून कपाटावर आहे. नंदा दर दिवाळीला त्याची धूळ झटकते. मंडळ पुढे काही वर्षं चाललं. मग कारखाना बंद झाला, आणि त्या पार्किंगमध्ये गाड्या आल्या. मी पुन्हा गेले नाही. जावंसं वाटलं नाही असं नाही.

त्या संध्याकाळी स्टँडपासून घरापर्यंत मी एकटीच चालत आले. आमच्या गावात नवरा पुढे आणि बायको मागे, अशी रीत. हे मला कायम पुढे घालायचे. बाजारात, शेतावर, देवळात. बायका हसायच्या, म्हणायच्या, बायकोच्या मागून येतो. इतकी वर्षं मला वाटत होतं, माझा पाय हळू आहे म्हणून.

मी मागे वळून पाहिलं नाही. होता तेवढ्याच वेगाने चालत राहिले. पाय नीट टाकत.