पत्रकाचे चार पदर

माझी पत्रकं कोणी वाचत नाही, हे मी कधीच मान्य केलंय. पण ती कोणी गाडीच्या इंजिनात घालतं, हे पचवायला मला वेळ लागला.

दौंडला एका चाचांचं गॅरेज आहे. त्यांची जुनी विलायती गाडी आहे आणि आमच्या चळवळीचा भोंगा तिच्याच टपावर असतो, कारण दुसरं कोणी आम्हाला गाडी देत नाही. ती दर चार-पाच गावांनी रुसते. मग चाचा बॉनेट उघडतात, इंजिनाला ठिणगी पुरवणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरचं झाकण काढतात आणि माझ्यापुढे हात करतात, "आण तुझं पत्रक." ठिणगी पाडायला लावणारे पॉइंट त्या झाकणाखाली असतात आणि त्यांच्यात नेमकी फट लागते. ती मोजायला बाजारात पट्ट्या मिळतात. चाचांना पत्रक लागतं. दोन घड्या, चार पदर, फटीत सरकवायचं, स्क्रू आवळायचा आणि कागद ओढून काढायचा.

"बराब्बर बसतंय बघ. तुझ्या लिखाणात वजन हाय!"

वर्षभर मी कानीकपाळी ओरडत होते, की पॉइंट काढा, इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्यूटर बसवा, त्यात फट नाही, घासणं नाही. शेवटी तो मागवून त्यांच्या टेबलावर ठेवला. चाचांनी त्याच्या खोक्यावर चहाचा कप ठेवला.

"पॉइंट बिघडला तर मी रस्त्यात नीट करतो. ह्ये बिघडलं तर काय, त्याच्यापुढं भाषण देशील?"

हे सगळं चाललं होतं एका एसटीसाठी. इनामगावच्या मुलींना शिरूरच्या कॉलेजला जायला सकाळची गाडी हवी होती. चाचांची नात, म्हणजे लेकीची मुलगी, त्यांतलीच. गाडी मिळाली नाही तर पुढच्या वर्षी कॉलेज बंद, असं तिच्या घरी ठरलेलं. एसटीच्या साहेबांनी आम्हाला शिरूरला अकराची वेळ दिली. अर्ज आणि सह्यांचा गठ्ठा घेऊन मी, नात आणि चाचा निघालो.

न्हावऱ्याच्या अलीकडे गाडी फटफटून थांबली. पत्रक, दोन घड्या, चार पदर. दोन किलोमीटरवर पुन्हा थांबली. पुन्हा पत्रक. तिसऱ्या वेळी चाचांनी कागद बोटांत चोळला.

"ह्यो कागद कुठला?"

प्रती जास्त हव्या होत्या म्हणून या वेळी मी पातळ कागद घेतला होता. त्याच्या चार पदरांनी फट हवी तेवढी राहत नव्हती.

"पोरी, चळवळ पातळ केलीस तर मला सांगायचं तरी!"

आता पत्रक काय मोजायला छापतात? मी भर रस्त्यात भांडले. तेही भांडले. नात म्हणाली, "ऱ्हायलेलं उद्या भांडा. एक वाजला."

साहेब निघून गेले होते. पंधरा दिवसांनंतरची तारीख मिळाली. परतताना चाचा आरशातून नातीकडेच बघत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खोक्यावरचा कप उचलला. जुन्या विलायती गाडीत बॅटरीचा प्लस बॉडीला असतो आणि नव्या डिस्ट्रिब्यूटरला तिथं मायनस लागतो, हे मला कुठं माहीत? मी बसवायला गेले असते तर धूर निघाला असता. त्यांनी आधी बॅटरीच्या वायरी उलट फिरवल्या, मग नवा डिस्ट्रिब्यूटर बसवला. गाडी अर्ध्या सेल्फला सुरू झाली. मी तोंड उघडलं.

"बोलू नको," चाचा म्हणाले.

पंधरा दिवसांनी आम्ही साडेदहालाच शिरूरला आगाराबाहेर. चाचांनी इंजिन बंद केलं नाही, भरवसा नव्हता. पण हाताला काम नाही. सवयीनं त्यांनी पत्रक घेतलं, घडी घालायला गेले, थांबले, चष्मा लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा माझं पत्रक वाचलं.

"सकाळी सहाची एसटी? कॉलेज कितीला हाय गं?"

"साडेधाला," नात म्हणाली.

"मग चार तास पोरी काय करतील, स्टँड झाडतील?"

मी पत्रक त्यांच्या हातून ओढून घेतलं. आधी सणसवाडीच्या कामगारांसाठी, पहिल्या पाळीच्या बसचं पत्रक काढलं होतं. त्यावरूनच मी हे उतरवलं. गावं बदलली, वेळ तशीच राहिली. अर्जातही तीच. भोंग्यावरून गावोगाव मी सहाच ओरडत होते!

"तू सही केलीस ना? वाचलं नाहीस?" मी नातीवर खेकसले.

"वाचलं की. मला वाटलं, ताई सहाची मागत्यात म्हंजी घासाघीस करून नऊची मिळंल."

छापणाऱ्यानं, वाटणाऱ्यांनी, सही करणाऱ्या एकाही माणसानं तोंड उघडलं नव्हतं. मी तरी कुठं डोळे उघडले होते? बॉनेटवर अर्ज ठेवून सहा खोडलं, नऊ लिहिलं, शेजारी मी आणि नातीनं सही केली. इंजिन चालू होतं, तरी बॉनेट थरथरत नव्हतं; लिहिताना आकडा जरासुद्धा हलला नाही.

नऊची एसटी सुरू झालीय. कधी साडेनऊला येते, त्यासाठी वेगळं भांडण चालू आहे. नात जाते.

आता पत्रक छापायच्या आधी मी मजकूर चाचांना दाखवते. ते वाचतात, पण आधी कागद चोळून बघतात.