आज एका यंत्राच्या आवाजावर मी जळलो

मित्रांनो, लपवत नाही. आज मला भयंकर हेवा वाटला, आमच्या गावच्या आशा सेविका सुरेखाचा आणि तिच्या यंत्राचा.

दुपारी गावच्या दूध संस्थेच्या सभेत मी बोलत होतो. अचानक पहिल्या रांगेतले भाऊसाहेब कोसळले. शुद्ध नाही, श्वास नाही. कुणी नाकाला कांदा लावला, कुणी पाणी पाजू लागलं. मी माईकवरून "मागे सरका!" म्हणून गरजलो. कुणी हललं नाही.

सुरेखा धावत आली. "सर, भाषन ऱ्हाऊ द्या, छाती दाबा! मी मशीन आनते."

मी छाती दाबू लागलो. तिने आणलेल्या डिफिब्रिलेटरवर, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या यंत्रावर, दसऱ्याच्या पूजेचा हार तसाच सुकलेला होता. तिने तो भिरकावला आणि भाऊसाहेबांच्या उघड्या छातीवर पट्ट्या चिकटवल्या. यंत्राने ठोके तपासले आणि सपाट आवाजात सांगितलं, रुग्णाला हात लावू नका. सगळी सभा मागे सरकली!

तिने बटण दाबलं. या झटक्याने हृदयाची बेताल थरथर थांबते आणि त्याला पुन्हा ताल धरायची संधी मिळते. आम्ही परत छाती दाबू लागलो. थोड्या वेळाने भाऊसाहेब कण्हले. आता ते दवाखान्यात आहेत, बोलताहेत.

याच यंत्राच्या लोकार्पणाला मी पाऊण तास बोललो होतो. ते उघडतात कसं, हे मात्र कधी विचारलं नाही. सुरेखाने विचारलं होतं.

संध्याकाळी तिला म्हणालो, "मलाही शिकव."

"उद्या धाला या. पन तुमी बोलायचं न्हाई, नुसतं ऐकायचं."

मी जाणार आहे. तुमच्या गावातलं यंत्र कुणाला चालवता येतं?