बाबांच्या नावावरचं गाणं

माझ्या धाकट्या भावाला पट्ट्याने मारायचो तो मी. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्याच्या गाण्यात तसं नाही, आणि लोकांना गाणंच पाठ आहे.

घरी त्याला किरकिऱ्या म्हणायचे. जन्मला तोच रडत, आणि पुढे वर्षभर थांबला नाही. रॅप करायला लागल्यावर त्याने त्याच नावाचं शेपूट कापून ‘किरकिर’ असं लावलं. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता, मी सोळाचा. बाबा शाळेची बस चालवायचे. सकाळच्या फेऱ्या, दुपारच्या फेऱ्या, मधल्या वेळेत बस झाडणं. त्यामुळे याला आंघोळ घालणं, दप्तर भरणं, कुकर लावणं, सगळं माझ्या गळ्यात पडलं. माझं शिक्षण तिथेच बोंबललं आणि मी फरशा बसवायच्या कामाला लागलो. दिवसभर गुडघ्यांवर रांगून घरी यावं, तर हा पुस्तक बाजूला टाकून ताटावर चमच्याने ताल धरून बसलेला. माझं डोकं फिरायचं. आधी थप्पड, मग पट्टा. दार आतून लावून घ्यायचो. शेजाऱ्यांना कळेल याची लाज वाटायची, मारायची वाटत नव्हती.

तो माझ्या खांद्याएवढा झाला तेव्हा मी थांबलो. त्याला मोठेपणा म्हणू नका. तो उलटा हात उचलेल अशी भीती वाटली, म्हणून थांबलो.

पुढे तो फ्लेक्स छापणाऱ्याकडे कामाला लागला. छापायचे, कडेला छिद्रं पाडून रिंगा ठोकायच्या, मग चौकात लोखंडी सांगाड्यावर चढून तारेने आवळायचे. फ्लेक्सच्या उरलेल्या तुकड्यांच्या मागच्या पांढऱ्या बाजूवर तो गाणी लिहायचा. आमच्या घरात पलंगाखाली अशा गुंडाळ्यांचा ढीग होता. एका बाजूला कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा, दुसऱ्या बाजूला माझ्या भावाचा संताप. रेकॉर्डिंग दुकानाच्या मागच्या खोलीत, जेवणाच्या सुट्टीत. फ्लेक्सच्या रोलांमध्ये आवाज घुमत नाही म्हणे. फोनवर मोजा चढवायचा, म्हणजे जोराचा श्वास आपटत नाही. मोजा धुतलेला असायचा, अशी आपली आमची समजूत.

“अंडरग्राउंड रॅपर म्हणजे रे काय?” बाबांनी एकदा विचारलं.

“ज्याला अजून कुणी ओळखत नाही तो.”

“मग मीपण तोच की!” बाबा म्हणाले. तिघंही हसलो. आमच्या घरात तिघांनी एकदम हसल्याचं मला एवढंच आठवतं.

बंद पडलेल्या पेट्रोल पंपाच्या छपराखाली रविवारी दुपारी ही रॅप करणारी मंडळी जमायची. वीस-पंचवीस जण. मी एकदाच गेलो होतो, नाक मुरडायला. घरात तोंडातून अक्षर न काढणारा हा पोरगा तिथे मधोमध उभा राहून बोलत होता आणि सगळे गप्प होते. मी मागच्या मागे निघून आलो. त्याला सांगितलंही नाही की मी आलो होतो.

मग एका संध्याकाळी त्याने स्वतःहून मला फोन दिला. “दादा, हे बाहेर टाकायच्या आधी तू ऐक.” गाण्याची सुरुवात अशी होती:

दादा, पट्टा काढ, दार आतून लाव,
पाठीवर लिही माझं नवीन नाव.

माझं लग्न नुकतंच ठरलं होतं. मी खवळलो. “काढून टाक हे. आत्ताच्या आत्ता! तिकडचे लोक काय म्हणतील?”

“यातलं खोटं काय आहे ते सांग. तेवढंच काढतो.”

मी सांगू शकलो नाही, म्हणून जास्त ओरडलो. बाबा शर्टाची बटणं काढत दारात उभे होते. सगळं ऐकलं त्यांनी. म्हणाले, “अरे, दादाच्या जागी बाबा घाल ना. चालीत बसतंय. माझं थोडंच लग्न ठरायचंय?”

भाऊ कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिला. मी ‘नको’ म्हणेन याची तो वाट बघत होता. मी म्हणालो नाही.

गाणं बाबांच्या नावाने बाहेर पडलं. दोनेकशे लोकांनी ऐकलं असेल. माझं लग्न झालं. त्यानंतर महिन्याने तो सांगाड्यावरून पडला. वारा सुटला होता, फ्लेक्स फुगला आणि त्याला घेऊनच खाली आला. वय बावीस. हॉस्पिटलमध्ये नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

मेल्यावर तो प्रसिद्ध झाला. कुणीतरी त्याच्या फोटोबरोबर ते गाणं टाकलं आणि बघता बघता ते लाखांवर गेलं. भिंतींवर त्या ओळी आल्या. अनोळखी मुली घरी येऊन उंबऱ्यात रडून गेल्या. एका माणसाने लिहिलं की हे ऐकल्यापासून मी माझ्या पोरावर हात उचललेला नाही. माझ्या भावाने केवढं मोठं काम करून ठेवलं हे मला कळत होतं, आणि ते काम खोट्या नावावर उभं होतं हेही.

बाबांना लोक ओळखायला लागले. वाण्याच्या दुकानात पोरं पाठीमागून ती ओळ म्हणायची. शाळेत पालकांनी तक्रार केली की असला माणूस आमच्या मुलांच्या बसवर नको. सव्वीस वर्षांत ज्यांनी एका मुलाला चुकीच्या थांब्यावर उतरवलं नव्हतं, त्यांना स्टिअरिंगवरून उठवून बस धुवायला लावलं. संध्याकाळी त्यांची बोटं पाण्याने सुरकुतलेली असायची. मी कितीदा म्हटलं, मी खरं सांगतो. ते म्हणायचे, “गप बस. झालं ते झालं.” मीही गप्प बसायचो. खरं सांगायचं तर मला ते सोयीचंच होतं. शेवटी बायकोला सांगितलं. दोन दिवसांनी ती म्हणाली, “तुम्ही बोला, नाहीतर मी बोलेन.”

त्याच्या दुसऱ्या स्मृतिदिनी पंपावर पाच-सहाशे लोक होते. बाबा येतोच म्हणाले आणि मागे खांबाला टेकून उभे राहिले. मी पुढे जाऊन माईक घेतला. सगळं सांगितलं. पट्टा कुणाचा, नाव कुणी बदललं, का बदललं.

मग गर्दीतून आवाज आला, “बापाला वाचवायला आलाय!” दुसरा म्हणाला, “तो खोटं बोलून मेला म्हणतोस?” मग एकच गलका. त्यांना तरी काय बोलू? त्या गाण्याच्या जोरावर कुणी घर सोडलं होतं, कुणी बापासमोर पहिल्यांदा तोंड उघडलं होतं. त्यातला एक शब्दही ते मला हलवू देणार नव्हते. दोघंतिघं माझ्या अंगावर आले. एकाने कॉलर धरली.

तेवढ्यात बाबा वाट काढत आले. माझ्या हातातून माईक घेतला, त्यावर दोनदा टिचकी मारली.

“थोरला खोटं बोलतोय,” ते म्हणाले. “मारायचो मीच. पोरा, चुकलं माझं. माफ कर.”

माझी कॉलर सुटली. लोक टाळ्या वाजवायला लागले. कितीतरी जण रडत होते. एक दांडगा पोरगा बाबांच्या गळ्यात पडला आणि त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मी बाजूला उभा होतो. माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

घरी येताना मी विचारलं, “बाबा, का केलंत असं?”

“एक गेला. दुसऱ्याला मार खाताना बघत बसू?” ते म्हणाले. थोडं चालून पुन्हा म्हणाले, “आणि मला सगळं माहीत होतं रे. एकदाही तुझा हात धरला नाही मी.”

त्यांना सकाळी लवकर बस धुवायला जायचं होतं. ते जेवून झोपले. मी मात्र अजून तिथेच अडकलोय. माईकवर मी सगळं सांगितलं होतं, पण भावाला ‘माफ कर’ म्हणायचं राहिलं होतं. ते शेवटी म्हणणार होतो. तेही बाबाच म्हणून मोकळे झाले.