देल्फीनाची हिरवी पानं

आमच्या टेकडीवर जूनमध्ये द्राक्षाची पानं निळी दिसली पाहिजेत. बुरशीवर फवारलेल्या मोरचूद-चुन्याचा निळा थर दिसला, की घरचं माणूस धडधाकट आहे. पानं हिरवी राहिली, तर कुणीतरी अंथरुणाला खिळलंय असं समजून शेजारी न विचारता फवारून देतात.

देल्फीना ऐंशीला टेकलेली, एकटी आणि फटकळ. तिच्या बापाने, मग नवऱ्याने इतकं मोरचूद मारलं, की त्यातलं तांबं जमिनीत साचलं. जुन्या वेली तगल्या, नवी रोपं मात्र जीव धरेनात. "माझ्याआधी बाग मरायला नको," म्हणायची. शेवटी तिने खड्डे उपसले, रानातली माती टोपल्यांनी वाहून आणली आणि पुन्हा रोपं लावली. फवारायला नॅनो तांब्याचं औषध आणलं. कण इतके बारीक, की चिमूटभर तांब्यात काम भागतं आणि जमिनीवर फारसं ठिबकत नाही. पण त्याचा निळा थर दिसत नाही, पानं हिरवीच!

माझा नवरा तुल्लियो. त्याला न मागितलेले उपकार करायची भारी हौस. रविवारी देल्फीना चर्चमध्ये असताना तो निळं पाणी भरून ट्रॅक्टर घेऊन निघाला. मी चर्चमध्ये तिला सहज सांगितलं, तर बाई प्रार्थना सोडून उठल्या. मीही मागोमाग धावले.

त्याने नुकताच फवारा सोडला होता. काळ्या ठेवणीतल्या झग्यासकट ती रोपांपुढे जाऊन उभी राहिली. यंत्र बंद होईपर्यंत केसांपासून बुटांपर्यंत निळी.

"ताई, बाजूला व्हा! पाऊस येतोय, बुरशी बाग खाईल!"

"खाऊ दे. माझी बाग, माझी बुरशी."

"अहो, पानांवर काहीच नाहीये!"

"आहे. तुला दिसत नाही एवढंच. देव दिसत नाही म्हणूनच चर्चला येत नाहीस ना?"

तुल्लियोने ट्रॅक्टर मागे वळवला. मला त्याची लाज वाटली आणि तिचा, खरं सांगते, हेवा वाटला. माझ्या हातून हे झालं नसतं.

पाऊस झोडपून गेला. खालच्या ओळीत बुरशीने थोडी पानं खाल्ली, बाकीची बाग वाचली. ऑक्टोबरमध्ये तिने आम्हाला बोलावलं. रोपांच्या काड्या पिकून तपकिरी झाल्या होत्या. सगळी जगली होती.

"पण ताई," तुल्लियो चाचरत म्हणाला, "यांना धड द्राक्षं लागायला अजून किती वर्षं... तोवर तुम्ही..."

"मी नसेन. म्हणून तर तुला दाखवून ठेवतेय. मी गेल्यावरही पानं हिरवी दिसली, तर निळं फवारायला येऊ नकोस."